आउटरला अडकलेला नवरदेव

माझ्या मावशीला उशीर सहन होत नाही. जन्मभर तिने शाळेत खेळ शिकवले, गळ्यात शिट्टी अडकवून मैदानावर पोरं पळवली. निवृत्त झाली, पण शिट्टी काही पर्समधून बाहेर निघाली नाही. अशा बाईने साठी उलटल्यावर लग्न करायचं ठरवलं आणि माणूस निवडला तो रेल्वेचा निवृत्त गार्ड. बरं, निवडला तर निवडला. पण नवरदेव लग्नाला शेजारच्या गावाहून रेल्वेनेच येणार म्हणून हटून बसला, तिथे सगळी गाडी अडली.

दोघांची ओळख झाली साथीच्या दिवसांत, लशीच्या रांगेत. जमिनीवर पांढरे गोल आखलेले, एका गोलात एकच माणूस. मावशी एका गोलात, गार्डकाका मागच्या गोलात. रांग हलायचं नाव घेईना. दोघांचं बालपण, नोकरी, गुडघेदुखी, सगळं बोलून झालं तरी पुढचा गोल रिकामा होईना. "दंडात सुई जायच्या आधीच माझं ठरलं होतं," असं मावशी अजून सांगते. म्हणजे सरकारी दिरंगाईने एकदा तरी कुणाचं भलं केलं होतं. नंतर त्याच दिरंगाईने त्याची व्याजासकट वसुली केली.

विवाह नोंदणी कार्यालयाच्या समोरच माझं झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळे तिथला कारभार मला तोंडपाठ. साथ कधीच गेली, पण ऑफिसने तिला मनापासून निरोप दिलेला नाही. एक सोडून एक खुर्चीवर लाल चिकटपट्टीची फुली अजून आहे. चार खिडक्यांपैकी तीन 'तात्पुरत्या बंद', आणि त्या पाट्यांवर धूळ बसलीय. नवरा-नवरी शेजारी बसली तर कारकून तिथूनच ओरडतो, "अंतर ठेवा!" अहो, लग्न करायला आलेत ते.

नियम असा की आपली वेळ अकरा ते बारा. तेवढ्यात तीनदा पुकारा होतो. जोडप्यातला एक जरी हजर नसला तरी लग्नाची नोटीस रद्द, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मावशीची नोटीस आधीच दोनदा रद्द झाली होती, दोन्ही वेळा त्या गाडीपायी. साथीत बंद पडलेली ती गाडी पुन्हा सुरू झाली ती 'तात्पुरती विशेष' म्हणून. आता तात्पुरत्या गाडीला वेळापत्रक नसतं, फक्त मूड असतो.

"गार्डकाका, मी स्कूटर घेऊन येते तुम्हाला न्यायला," मी फोनवर शंभरदा सांगितलं. "नाहीतर आदल्या दिवशी या. बसने या. टेम्पोत बसून या!"

"म्हणजे ज्या गाडीला मी हयातभर हिरवा झेंडा दाखवला, तिच्यावर ऐन लग्नाच्या दिवशी माझा भरवसा नाही म्हणू?"

"हो. म्हणा!"

"छे! आज येईल ती वेळेवर. मला आतून वाटतंय."

त्यांना हे दर वेळी आतूनच वाटायचं.

तिसऱ्या वेळी मावशी कोरे पांढरे कॅनव्हासचे बूट घालून आली. साक्षीदार म्हणून मी शेजारी, म्हणजे मधली फुलीची खुर्ची सोडून शेजारी. पहिला पुकारा झाला. कारकुनाने मास्क हनुवटीवर ओढून मावशीचं नाव घेतलं, मग नवरदेवाचं घेतलं आणि आमच्याकडे असं बघितलं, जणू आम्हीच त्यांना घरी कोंडून आलोय.

"आज नाही आले तर?" मी हळूच विचारलं.

"तर संपलं." मावशी समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली. "मला माणूस हवाय गं, रेल्वे नकोय. माझ्यासाठी एकदा, एकदाच, त्या गाडीतून उतरायला काय होतं? नाही जमलं तर मी माझा चहा माझी मी करून पिईन."

तिला रडू येत होतं. मी तिला आजवर रडताना पाहिलं नव्हतं, म्हणून मला त्या माणसाचा असा राग आला की सांगता सोय नाही.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. ऐकू नीट येत नाही म्हणून ती तो स्पीकरवरच लावते. "आलोच!" गार्डकाकांचा उत्साही आवाज. "स्टेशनाबाहेर, आउटरला थांबलीय फक्त. सिग्नल मिळाला की पाच मिनिटांत!" मागून कुणीतरी पोर पिपाणी वाजवत होतं. पिं-पिं-पीं. कानाचे पडदे फाटतील अशी.

मी खिडकीशी गेले. ऑफिसच्या मागच्या खिडकीतून रूळ दिसतात. खरंच, शेताच्या पलीकडे गाडी उभी होती. ऑफिस उघडलं तेव्हाही ती तिथेच होती, त्याच ऐटीत.

"अहो, गाडी ती बघा, डोळ्यांसमोर आहे," मी कारकुनाला म्हटलं. "साहेबांना सांगून थोडं थांबता नाही का येणार?"

"साहेब महत्त्वाच्या मीटिंगमध्ये आहेत."

आणि त्याच क्षणी त्याचाही फोन वाजला. तो तोंडावर हात धरून बोलू लागला, "हो साहेब... नाही साहेब... दुसरा पुकारा करतोच साहेब..." पण आवाज काही त्याच्या हातात मावेना. फोनमधून स्पष्ट ऐकू आलं. पिं-पिं-पीं.

मी आणि मावशीने एकमेकींकडे बघितलं.

"मीटिंगमध्ये पिपाणी वाजवतात का हो?" मावशीने विचारलं.

कारकून खिडकीकडे बघायचं टाळत होता, त्यावरूनच सगळं कळलं. साहेब रोज त्याच गाडीने येत होते. म्हणजे दोन्ही वेळा नवरदेव गैरहजर होता तेव्हा साहेबही गैरहजरच होते, आणि एका आउटरला अडकलेल्या माणसाने दुसऱ्याची नोटीस उशिरापायी रद्द केली होती! माझ्या तोंडात आलेले शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत.

मावशी मात्र शांतपणे उठली. पर्समधून शिट्टी काढली आणि भर ऑफिसात अशी फुंकली की चिकटपट्टीच्या दोन फुल्या गळून पडल्या. "रजिस्टर घ्या," ती कारकुनाला म्हणाली. "शिक्का घ्या. रांगेत चला."

शाळा सोडून कितीही वर्षं झाली तरी माणूस ती शिट्टी विसरत नाही. कारकून रजिस्टर छातीशी धरून निमूट मागे निघाला. शेताच्या बांधावरून मावशी पुढे, मी मध्ये आणि मागे तो, "नियमात बसत नाही, नियमात बसत नाही," असं पुटपुटत.

गाडीजवळ पोचून आम्ही शेवटच्या डब्यात चढलो. तिथे गार्डकाका पत्ते खेळत बसले होते. इस्त्रीचा कोट, पॉलिश केलेले बूट. समोर एक टकले गृहस्थ हुकुमाचं पान उगारून बसलेले, आणि मांडीजवळ पिपाणीवाली चिमुरडी.

"साहेब!" कारकून किंचाळला.

टकल्या गृहस्थांच्या हातातलं पान खाली पडलं. गार्डकाका आ वासून बघत राहिले. "भिडू, तू तर विमा विकतोस ना?"

"ट्रेनमध्ये खरा हुद्दा सांगितला की लोक कामं सांगतात," साहेब खाली मान घालून म्हणाले.

"अरे, मी तुला माझ्या लग्नाची रडकथा सांगितली! तूच म्हणालास, तिथला साहेब अगदी नालायक असणार!"

"ते माझं मत अजूनही आहे," साहेब म्हणाले. एवढ्यावर मी त्यांना अर्धं माफ केलं.

मावशीने घड्याळ दाखवलं. बाराला थोडाच अवकाश होता. "नवरदेव हजर, नवरी हजर, साहेब हजर. काढा पेन."

साहेबांनी टोपण उघडलं आणि थबकले. "आपली हद्द कुठवर आहे रे?"

"नाल्यापर्यंत साहेब," कारकून म्हणाला. नाला गाडीच्या मधल्या डब्याखाली होता. आम्ही शेवटच्या डब्यात, नाल्याच्या पलीकडे, म्हणजे परक्या हद्दीत. मग काय, निघाली वरात! सामान ओलांडत, लोकांचे पाय तुडवत, पिपाणीच्या तालावर आम्ही डबे मागे टाकत गेलो आणि अर्धी गाडी साक्षीदार व्हायला मागे लागली.

नाला ओलांडून एका बाकावर रजिस्टर उघडलं. गार्डकाकांनी सही केली, वळणदार, सावकाश. मी केली. पिपाणीवालीच्या आईने केली, आणखी एका प्रवाशाने केली. मावशीने पेन हातात घेतलं, आणि गाडीला धक्का बसला.

गाडी हलली. पण मागे!

"मालगाडीला वाट देतायत," गार्डकाका सवयीने म्हणाले. "आता मागच्या स्टेशनात नेऊन ठेवतील."

"हद्दीबाहेर गेलो तर सही चालणार नाही!" साहेब ओरडले. "आणि हलत्या डब्यात मी शिक्का मारणार नाही!"

नाला जवळ येत होता. मावशीने पेन खाली ठेवलं. गार्डकाकांकडे बघत राहिली. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग वर, लाल साखळीकडे. त्यांच्या गाडीची साखळी कुणी ओढली की ते चार दिवस जेवायचे नाहीत, हे त्यांनीच आम्हाला कौतुकाने सांगितलं होतं. त्यांचा हात वर गेला. डोळे मिटून त्यांनी साखळी ओढली.

ब्रेक करकचले, माणसं एकमेकांवर आदळली, साहेब माझ्या मांडीवर. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. नाला आमच्या मागच्याच डब्याखाली होता. "आहोत! अजून हद्दीत आहोत!"

मावशीने सही केली. साहेबांनी शिक्का मारला, धाडकन.

तेवढ्यात हल्लीचा गार्ड, एक तरणाताठा पोरगा, धापा टाकत आला. "कुणी ओढली साखळी? जिवावर बेतल्याशिवाय ओढायची नसते, कळत नाही?" समोर गार्डकाकांना, आपल्या जुन्या साहेबांना बघून त्याने सलाम ठोकला. "सर, तुम्ही?"

"जिवावरच बेतलं होतं," मावशी म्हणाली. "नसती ओढली तर मी यांचा जीव घेतला असता."

गार्डकाका ताठ उभे राहिले. डोळे भरून आले होते. "लिही माझं नाव. आज गाडीला उशीर माझ्यामुळे झाला."

"होऊ दे," मावशी म्हणाली. "मीही थांबलेच ना तुमच्यासाठी."

तिने दार उघडलं आणि खाली खडीवर उडी मारली, कोऱ्या बुटांसकट. मग हात वर केला. "उतरा आता."

गार्डकाकांनी सवयीने एकदा फलाट कुठे दिसतो का ते बघितलं. फलाट नव्हता. त्यांनी तिचा हात धरला आणि उतरले.