माझ्या गळ्यावरचे अंगठे

मित्रांनो, मी एक जुना घडा आहे, ओकिनावा बेटावरच्या मातीचा. माझ्या पोटात पाणी नाही, वाळू आहे. गळ्याला तडा आहे, तिथे बोट लावू नका. आधी ऐका.

आम्ही दोघे जुळे भाऊ त्सुबोया या कुंभारवाड्यातल्या एकाच भट्टीत भाजून निघालो. कुंभाराने आम्हांला मिसो, म्हणजे सोयाबीनचं आंबवलेलं वाटण, भरायला घडवलं होतं. पण घड्यात काय भरायचं हे घडा थोडाच ठरवतो! आम्ही गेलो इशिमिने नावाच्या आजोबांच्या अंगणात. आजोबा कराटे शिकवीत. शिकणाऱ्याने दोन हातांत आम्हां दोघांचे काठ नुसत्या बोटांनी धरायचे आणि श्वास आवरून अंगणाला फेऱ्या घालायच्या. अंगात बळ येईल तशी आजोबा एकेक मूठ वाळू वाढवीत.

एका पहाटे टोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर, विकणारी नाबे आली. तिचा नवरा दूर देशी, उसाच्या मळ्यावर मजुरीला गेलेला.

"आजोबा, बाजाराच्या वाटेवर एक माणूस आडवा येतो. म्हणतो, एक दिवस टोपलीसकट उचलीन. मला शिकवा."

"कोण गं तो?"

तिने मानेनेच नकार दिला. नाव फुटलं असतं तर गावाने तिलाच बोल लावला असता.

आजोबा हसले. तिथल्या बोलीत नाबे म्हणजे भांडं. "भांड्यानं भांडं उचलायचं म्हणतेस?"

"माझ्यात वाळू कमी आहे, आजोबा. तेवढी भरा."

मग रोज चुलीतल्या देवाला हात जोडून ती येई. बोटं सोलवटली, पण काठ सुटला नाही. पावलागणिक ती एक नाव पुटपुटे. ते फक्त आम्हां दोघा भावांना ऐकू येई : सान्रा.

आणि मित्रांनो, तिसऱ्या महिन्यात सान्राच अंगणात आला. दारूची बाटली पुढे ठेवून, कपाळ जमिनीला टेकवून म्हणाला, "आजोबा, मलाही पदरात घ्या."

वाकून आलेल्याला आजोबांनी कधी परतवलं नव्हतं. त्या पुण्यवान माणसाचा तेवढाच भोळेपणा.

सान्राने मला उचललं आणि मी आतून गारठलो. त्याची बोटं काठावर नव्हती. ती खाली गळ्याभोवती होती, दोन्ही अंगठे एकमेकांना टेकलेले. आजोबांनी पाहिलं नाही. मला तोंड आहे, पण वाचा नाही.

तेवढ्यात नाबे दारात आली आणि जागीच थिजली.

"ये की गं!" सान्रा हसला. त्याने आम्हां दोघांना एकमेकांवर आपटलं. "भांड्याला भांडं लागायचंच!"

माझ्या गळ्याला तडा गेला तो तेव्हा.

"अरे, हळू!" आजोबा एवढंच म्हणाले आणि सान्राच्या नावाची पहिली मूठ त्यांनी माझ्या भावात टाकली. पुढे सान्रा आला की नाबे दाराबाहेर थांबे. तो गेल्यावर आत येई. मूठ मूठ करत आम्ही जड होत गेलो. कधी तिच्यासाठी, कधी त्याच्यासाठी.

उसाला तुरे आले, त्या दिवसांत एकदा नाबे रिकाम्या हातांनी आली. टोपली नाही, मनगट काळंनिळं.

"आजोबा, तो सान्रा होता. तुम्ही शिकवलंत तसंच धरलं त्यानं. सुटेना."

"मग?"

"मीही तुम्ही शिकवलंत तसाच त्याचा अंगठा धरला. तुमचे घडे धरते तसा. कडकन आवाज आला. मी पळाले."

आजोबांचा हात माझ्या तड्यावर गेला. "पोरी, त्याला वाळू मीच भरली गं!"

दुसऱ्या पहाटे माझा भाऊ जागेवर नव्हता. अंगणात त्याच्या बुडाची गोल खूण तेवढी उरली होती. चोराने मला नेलं नाही, मी तडकलेला.

सान्रा पुन्हा त्या गावात दिसला नाही. नाबे मात्र रोज येत राहिली, एका हातात मी आणि दुसऱ्या हातात दगड. वाटेवर ऊस सळसळला की ती आजही थांबते.

मित्रांनो, मला जपू नका, माझं आयुष्य झालं. पण कुणाला बळ देण्याआधी त्याचे अंगठे कुठे टेकतात, ते पाहून घ्या. अंगठ्याचं मोडलेलं हाड जुळतं. आणि कुठेतरी माझा जुळा भाऊ रोज एकेका मुठीने जड होतो आहे.