वरच्या ओळीतला पुढचा दात

मी एक दात बोलतोय. वरच्या ओळीतला, अगदी मधला, उजवीकडचा. एरवी या तोंडातून फक्त माझे मालक बोलतात. आयुष्याचा बराच काळ मी मिटलेल्या ओठांआड काढला आहे, तेव्हा आज थोडं जास्त बोललो तर सांभाळून घ्या.

माझ्या जागी आधी एक दुधाचा दात होता. तो पडला आणि मी आलो. शेजारी माझा जुळा भाऊ आला. त्या एवढ्याशा तोंडाला आम्ही दोघं फारच मोठे होतो. "आधी दात येतात, मागून हा येतो," असं मालकांची आत्या म्हणायची. पण मालकांना त्याचं काही नव्हतं. ते कशालाही हसायचे, आणि आम्हाला दिवसभर उजेड मिळायचा.

मग सायकल आली. उतारावर ब्रेक दाबायच्या ऐवजी मालकांनी डोळे गच्च मिटले. पुढे भिंत होती. माझा खालचा कोपरा उडाला, भावाचाही उडाला. त्यांची आई धावत आली आणि म्हणाली, "दात गेले तर जाऊ देत, पोरगं धडधाकट आहे ना!" मी तिथंच होतो, सगळं ऐकत होतो. वाईट वाटलंच.

दातांच्या डॉक्टरांनी आमचे कोपरे भरून दिले. सुरुवातीला फिलिंग कुठलं आणि दात कुठला ते कळायचंसुद्धा नाही. पण फिलिंगचा स्वभाव असा, की चहा-कॉफीचा रंग ते पटकन अंगाला लावून घेतं. पुढे आम्हा दोघांच्या मधल्या फटीत कीड लागली, तिथंही फिलिंग झालं. वर्षं गेली तसं ते पिवळं पडलं, मग तपकिरी. मी त्याला बोल लावत नाही. माझी पडकी बाजू इतकी वर्षं त्यानंच सांभाळली.

आता मालकांचा धंदा ऐका. त्यांचं सलून आहे. दातांची लाज वाटणाऱ्या माणसानं दुसरं काहीही करावं, पण सलून काढू नये. समोर हा एवढा आरसा! गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून नजर वर गेली की स्वतःचंच तोंड दिसायचं. त्यामुळे मालकांनी ओठ मिटून जगायची सवय करून घेतली.

गंमत म्हणजे हाच माणूस त्या भागातला सगळ्यात विनोदी माणूस म्हणून ओळखला जायचा. टक्कल पडलेले एक पेन्शनर खुर्चीत बसून विचारायचे, "किती वेळ लागेल हो?" मालक कात्री तपासत, चेहऱ्यावरची रेषही न हलवता सांगायचे, "कापायला दोन मिनिटं. शोधायला अर्धा तास." सगळं दुकान खो-खो हसायचं, पेन्शनर सगळ्यात जास्त. मालक तेवढ्यात टॉवेल घ्यायला पाठ फिरवायचे. लोकांना वाटायचं, काय कसलेला माणूस आहे, स्वतः हसत नाही! त्यांना काय माहीत, हसू यायचं तेव्हा वरचा ओठ आमच्यावर कसा दाबून धरला जायचा. माझा जीव गुदमरायचा.

घरीही तेच. बाईंशी लग्न होऊन मुलं मोठी झाली, नोकरीला लागली, तरी बाईंसमोरही ओठ मिटलेलेच. एकदा बाई म्हणाल्या, "अहो, सगळ्या जगाला हसवता. मला एकदा तुम्हाला मोकळं हसताना बघायचंय. बास, बाकी काही नको मला."

मालक गुपचूप दात पांढरे करायच्या पट्ट्या घेऊन आले. रोज न्हाणीघरात कडी लावून आम्हाला चिकटवायच्या. मी खरंच उजळलो, पण फिलिंग काही उजळेना! त्या पट्ट्यांनी दात उजळतो, फिलिंग नाही, हे मालकांच्या गावीही नव्हतं. नव्या सदऱ्याला जुनं ठिगळ लावावं तसा मी दिसायला लागलो. बाईंनी बघितलं, कपाळावर हात मारला आणि त्याच दिवशी त्यांना दवाखान्यात घेऊन गेल्या.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं छोट्या आरशानं मला मागून-पुढून बघितलं, एक्स-रे काढला.

"काका, व्हिनियर बसवता येईल. म्हणजे चिनी मातीचा पातळ पापुद्रा, दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायचा."

"या फिलिंगवरच?" मालकांनी विचारलं.

"नाही, जुन्या फिलिंगवर त्याचा भरवसा नाही. ते काढून नवं भरायचं. पण खाली चांगला दात किती उरलाय, ते काढल्यावरच कळेल. फारच कमी असेल तर व्हिनियर नाही, दात चहूबाजूंनी कोरून टोपी बसवावी लागेल."

माझ्या पोटात गोळा आला. दाताला पोट नसतं, पण तुम्हाला कळलं ना?

जुनं फिलिंग निघालं त्या दिवशी इतक्या वर्षांनी मी उघडा पडलो. गार वारा आत शिरला. खाली थोडी कीड निघाली, ती तिनं हलक्या हातानं साफ केली. मग बराच वेळ निरखलं. मालकांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. शेवटी ती म्हणाली, "दात चिवट आहे हो तुमचा. शेजारचाही. दोघांवर व्हिनियर बसेल." एवढं कौतुक माझं आजवर कुणी केलं नव्हतं.

नवं फिलिंग झालं, पुढून मला किंचित तासलं, माप घेतलं. रंग ठरवायला तिनं मालकांना खिडकीपाशी उन्हात उभं केलं. मालकांचं बोट सगळ्यात पांढऱ्या नमुन्यावर गेलं. बाई म्हणाल्या, "अहो, तो बेसिनचा रंग आहे." मग शेजारच्या दातांना शोभेल असा रंग ठरला. पुढच्या खेपेला आमच्यावर व्हिनियर चिकटलं. "ब्लेडचं पाकीट आता दातानं फोडायचं नाही," एवढी ताकीद मिळाली.

दुसऱ्या दिवशी मालक सलूनमध्ये असे गेले, जणू उद्घाटन आहे. पहिलंच गिऱ्हाईक नवखं होतं, टकलावर चार केस. त्यानं विचारलं, "किती वेळ लागेल?" मालक म्हणाले, "कापायला दोन मिनिटं, शोधायला..." आणि पुढचं वाक्य पुरं व्हायच्या आतच आम्हा सगळ्यांना बाहेर काढून खदखदा हसत सुटले. त्या माणसानं आरशात बघितलं. एक माणूस कात्री घेऊन त्याच्या टकलाला हसतोय! त्यानं गळ्याभोवतीचं कापड स्वतःच सोडलं आणि निघून गेला. बाकावर नेहमीची मंडळी बसली होती. त्यांतले ते पेन्शनर हळूच म्हणाले, "तुम्ही हसलात की आमचं हसू जातं हो."

झालं! ओठ पुन्हा मिटले. मला इतका राग आला म्हणून सांगू! एवढी कोरीव कामं सोसली ती काय पुन्हा अंधारात बसायला?

संध्याकाळी मालक घरी आले ते पडलेल्या चेहऱ्यानं. बाई टेबलाशी शेंगा सोलत बसल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "थांबा, मी सांगते तुम्हाला एक विनोद."

बाईंना विनोद सांगता येत नाही. अजिबात येत नाही.

"एक बाई पोपट विकत घेते. तो पोपट मुका असतो. पण ते तुम्ही आत्ता ऐकलं नाही असं समजा, ते शेवटी येतं."

"अगं, शेवट आधी सांगू नये," मालक म्हणाले.

"मग विसरा ना तुम्ही! तर ती त्याला रोज बोलायला शिकवते, आणि तो मुका... नाही, तो आत्ता मुका नाहीये. आत्ता तो नुसता गप्प बसलाय!"

मालकांचा ओठ आमच्यावर दाबला गेला, थरथरला, आणि सुटला. ते हसले. टेबलावर हात आपटत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, खुर्चीतून घसरेपर्यंत हसले. मी तर उजेडानं दिपून गेलो. इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

बाई मात्र हसत नव्हत्या. शेंगा हातात तशाच. मालकांच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. मला वाटलं, आता माझी स्तुती होणार.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या, "तुमच्या डाव्या गालाला खळी पडते! इतकी वर्षं झाली लग्नाला, आणि मला माहीतच नव्हतं?" आणि त्यांचे डोळे भरून आले.

तेव्हापासून असं चाललंय. दुकानात मालक पूर्वीसारखाच चेहरा कोरा ठेवून विनोद सांगतात, आणि लोक हसतात. तिथं ओठ मिटलेले असले तरी आता ते दाबून धरलेले नसतात, आणि हा फरक मला आतून कळतो. घरी बाई रोज एखादा विनोद बिघडवतात आणि मालक मोकळे हसतात.

तुमच्या तोंडात माझा कुणी भाऊबंद फिलिंग घेऊन बसला असेल, तर त्याला इतकी वर्षं कोंडून ठेवू नका, एवढंच सांगणं. माझी तब्येत ठीक आहे. व्हिनियर पक्कं बसलंय. आमचा एवढा थाटमाट केला, तासलं, घासलं, चकाकवलं, आणि बाई बघतात कुठं, तर गालाकडे. बघू देत बिचाऱ्या. त्यांची बरीच वर्षं बघायची राहिली आहेत.