वकीलबाईंच्या दारातला बाक

मी एक जुना बाक आहे. मित्रांनो, मी दाराशेजारच्या अरुंद जागेत मावावा म्हणून सुताराने मला इतका तोकडा केला, की तिघं बसले तर गुडघ्याला गुडघा लागलाच पाहिजे. आणि नेमका म्हणूनच मी वकीलबाईंना आवडलो!

त्यांची पद्धतच निराळी. भांडण घेऊन कुणीही येवो, दोन्हीकडच्या माणसांनी आधी माझ्यावर शेजारीशेजारी बसायचं. एखाद्या माणसावरून भांडण असेल, तर त्याला मधे बसवायचं. "बसा हं, चष्मा सापडत नाहीये," म्हणत बाई आत जायच्या. चष्मा त्यांच्या नाकावरच असायचा! दाराआड उभ्या राहून त्या ऐकायच्या. बाहेर आधी फुरंगटून तोंड फिरवणं चालायचं, मग टोमणे, मग कुणीतरी डोळे पुसायचं. मनातलं खरं ते तेव्हा बाहेर पडायचं. कितीतरी तंटे कोर्टाची पायरी न चढता माझ्यावरच मिटले. जाताना लोक मला थोपटायचे आणि मी फुशारून जायचो.

पुढे बाईंचे गुडघे कुरकुरू लागले. त्या लेकीकडे राहायला गेल्या आणि ऑफिसात तंटे सोडवणारा कॉम्प्युटर आला. मी त्याला उगाच नावं ठेवणार नाही. तो कुणावर खेकसत नाही, तारखांवर तारखा देत नाही, बड्या माणसाला झुकतं माप देत नाही. लोक घरबसल्या त्याच्याशी बोलतात. माझ्यावर मात्र धूळ बसू लागली.

अशात एका ताईचं आणि तिच्या धाकट्या भावाचं बिनसलं. त्यांची आई एकटी राहायची. ती न्हाणीघरात घसरून पडली, आणि "आई आता माझ्याकडेच राहील," असा दोघांनीही हट्ट धरला. दोघांत अबोला झाला. कॉम्प्युटरने दोघांना खोदून खोदून विचारलं. दवाखाना किती लांब, जिने किती, दिवसा घरी कोण असतं. मग अगदी तोलूनमापून निकाल दिला: महिनाभर इकडे, महिनाभर तिकडे. समोरासमोर खटका उडू नये म्हणून आईला या ऑफिसच्या दारात सोडायचं आणि इथूनच न्यायचं. दोघांनाही पटलं. आईचं घर विकून टाकलं.

आता महिना सरला की ताई आईला माझ्यावर बसवते, पिशवी शेजारी ठेवते आणि भाऊ यायच्या आत निघून जाते. परवा केर काढणाऱ्या बाईंनी आईला विचारलं, "काय हो आजी, कुठे जास्त करमतं?"

"दोघंही जीव लावतात गं. पण मला माझ्याच घरी राहायचं होतं. शेजारीण रात्री सोबतीला यायला तयार होती."

"अगं बाई! मग बोलला का नाहीत?"

"मला कुणी विचारलंच नाही. भांडण त्या दोघांचं होतं ना."

माझा जीव नुसता तुटला. कॉम्प्युटरने तिला विचारलं नाही, आणि पोटच्या पोरांनाही ते सुचलं नाही. इतक्यात भाऊ आला. "चल आई," म्हणाला. ती पिशवी उचलून उठली.

मित्रांनो, न्याय वकिलाकडून घ्या नाहीतर कॉम्प्युटरकडून. पण ज्या माणसावरून भांडताय, त्याला काय हवंय ते आधी विचारा, आणि वेळेत विचारा. त्या आईच्या घरात आता दुसरीच माणसं राहतात.