कागदाचा नवरदेव

हॉटेलच्या मोठ्या चादरीची घडी एकट्यानं घालता येत नाही. समोरासमोर दोन माणसं लागतात, आणि आमच्या लाँड्रीत शिवाय एक गाणं लागतं. पहिल्या ओळीला टोकं धरायची, दुसऱ्या ओळीला चालत एकमेकांकडे यायचं. गाणी गावाकडची. प्रत्येक गाण्यात एक जागा मोकळी असते, तिथं गाणारीनं आपल्या माणसाचं नाव घालायचं. पण गावापासून इतक्या लांब सख्ख्या भावाचं नाव घातलं की आत्याच्या डोळ्यांतलं पाणी चादरीवर पडायचं आणि चादर पुन्हा इस्त्रीला जायची. म्हणून तिनं त्या जागांवर आपल्या लाडक्या कादंबरीतली माणसं भरती केली. तेव्हापासून कादंबरीतला नावाडी तिचा भाऊ. तिचा खरा भाऊ, म्हणजे माझे वडील, विमा कंपनीत आहेत. ते तसेही कुठल्या चालीत बसत नव्हते, असं तिचं म्हणणं.

आत्याची जोडीदारीण काम सोडून गेल्यावर समोर मी उभा राहू लागलो. माझ्या घडीला पाच कोपरे यायचे. मग नवीन बाई आल्या. आमच्याच गावाकडच्या, सगळी गाणी तोंडपाठ. आत्या खूश. पण बाई दर दोन चादरींमागे एकदा रडायच्या, आणि शनिवारच्या गाडीनं परत जाणार असं त्यांनी सगळ्यांना, अगदी ड्रायरलासुद्धा, सांगून ठेवलं होतं.

"राहा गं," आत्या म्हणाली. "हा पुन्हा समोर आला तर मीच पळून जाईन."

"नाही हो ताई. इथं आपलं म्हणावं असं आहे कोण?"

आत्यानं उत्तरादाखल टोकं उचलली.

नदीच्या पल्याड दिवा कुणाचा लुकलुकतो,
भाऊ माझा गं नावाडी नाव धक्क्याला लावतो.

बाईंनी डोळे पुसले. "खरंच नाव चालवतात?"

"दुसरं काही येतच नाही त्याला."

"दारू वगैरे?"

"पहिल्यापासून शेवटपर्यंत थेंब नाही."

"लग्न?"

"जिच्यावर जीव होता तिनं मास्तरांशी केलं," आत्या उसासा टाकून म्हणाली. हे सगळं खरंच होतं, छापील होतं.

त्या दिवशी बाई पुन्हा रडल्या नाहीत. सुट्टी झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. "माझी धाकटी बहीण आहे. आत्यांच्या कानावर घाल. पोहताही येतं तिला."

नावाड्याच्या दृष्टीनं हा मुद्दा बिनतोड होता. मी निरोप पोचवला. आत्या कपड्यांच्या ढिगावर बसलीच.

"आता खरं सांगावं तर ही जाणार. न सांगावं तर वऱ्हाड येणार!"

"नवरदेवाला सूट शिवायचा की नवी बांधणी करायची?" मी विचारलं.

"गप बस, मेल्या."

शेवटी तिनं बाईंच्या हातात पुस्तक ठेवलं. "हा घे माझा भाऊ. वाचून बघ, मग काय बोलायचं ते बोल."

शुक्रवारी बाई आल्या त्या डोळे सुजवून. संपलं, असं आम्हाला वाटलं. त्यांनी पुस्तक टेबलावर आपटलं.

"ताई, हे स्थळ मला पसंत नाही."

"अगं, चुकलंच माझं. तो पुस्तकातला..."

"पुस्तकातला असू दे हो, ते मी घरी समजावलं असतं. पण मनातलं बोलायला त्याला अर्धं पुस्तक लागतं! पोरगी तोवर धक्क्यावर ताटकळत उभी. असल्या घुम्याला मी बहीण देणार नाही."

माझ्या वडिलांना कुणी काही म्हटलं तर आत्या हसते. आता मात्र तिचा चेहरा लाल झाला. "आमच्या मुलात खोट काढतेस?"

"काढते! धरा टोक."

व्याही म्हणती मुलगा भारी, त्याला पाण्याची हौस,
अहो, कागदाचा नवरदेव, त्याला लागू नये पाऊस!

आत्यानं चादर अशी खेचली की बाई दोन पावलं पुढे आल्या.

कागदाचा का असेना, जातो रोज कामावर,
तुमच्या घरचे बाप्ये सारे लोळत पडती खाटेवर!

चादरींचा ढीग भराभर उतरू लागला. मॅनेजर दारात येऊन उभे राहिले. भांडण चाललंय की काम, हे न कळून परत गेले. दोघींचे आवाज बसले तेव्हा चादरी संपल्या होत्या.

"मग," आत्यानं घशातल्या घशात विचारलं, "उद्या गाडी किती वाजता?"

"वा! आज शेवटची ओळ तुमची झाली," बाई म्हणाल्या. "उद्या मुलीकडच्यांची पाळी."