मांडीवरची चिंचोक्यांची पिशवी

मित्रांनो, मी एक जुनी पिशवी आहे. पण बाजारहाटाची नव्हे, मांडीवर ठेवायची. माझ्या पोटात दीड किलो चिंचोके आहेत. कळव्याच्या एका शाळेत, तिसरीच्या वर्गात, मी नोकरीला आहे.

मला शिवले लक्ष्मीने. ती खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, मासळी बाजारात बसणारी. तिची मुलगी दक्षता आठ वर्षांची. दक्षताला स्वमग्नता आहे. पंख्याची खडखड, बाकांची ओढाओढ, चाळीस मुलांचा कलकलाट, सारे तिच्या अंगावर एकदम यायचे आणि ती कानांवर हात ठेवून दाराकडे धावायची. मुख्याध्यापकांनी लक्ष्मीला बोलावून सांगितले, "सहामाहीला वर्गात बसली तर बरं. नाहीतर घरीच शिकवायचं बघू." दक्षताला तर शाळा जीव की प्राण. रविवारीसुद्धा ती दप्तर लावून उंबऱ्यात बसायची.

दर मंगळवारी येणाऱ्या विशेष शिक्षिका शुभदाबाईंनी मग एक युक्ती सांगितली. मांडीवर जरा वजन असले की काही मुलांना शांत वाटते. लक्ष्मीने जुन्या लुगड्याचे कापड दुहेरी घेतले आणि चिंचोके एकीकडे गोळा होऊ नयेत म्हणून चौकोनी कप्पे शिवले.

"बाई, जड तं व्हनार नाय ना माजे पोरीला?" तिने विचारले.

"तिलाच विचारू. नको वाटली तर काढून ठेवू दे," शुभदाबाई म्हणाल्या.

दक्षताने मला मांडीवर घेतले, एकेक चिंचोका बोटांनी चाचपला आणि पाढ्यांच्या तासाला शेवटपर्यंत बसली. मी काही जादू केली नाही. एखाद्या दिवशी ती तरीही उठायची, पण दारापर्यंत न जाता परत यायची. माझ्यावर पेनाचे डाग पडले, डब्यातले कालवण सांडले. मला त्याचा अभिमान होता.

मग माझे कौतुक झाले आणि तिथेच घात झाला. शाळा तपासायला साहेब येणार होते. वर्गशिक्षिका रसिकाबाई मनाने फार चांगल्या, पण टापटिपीच्या भारी हौशी. त्यांनी मला पुसून काढले, 'शैक्षणिक साहित्य क्र. ४७' अशी चिठ्ठी चिकटवली आणि काचेच्या कपाटात ठेवले. साहेब आले, "छान उपक्रम!" म्हणाले, फोटो काढून गेले. पुढची तपासणी केव्हा येईल याचा नेम नाही, म्हणून मी आतच राहिले. शेजारी मण्यांची कोरी करकरीत पाटी होती. तिला आजवर एकाही मुलाचा हात लागला नव्हता. मला राग आला, पण पिशवीच्या रागाला कोण विचारतो!

दुसऱ्याच दिवशी सहामाहीचा पहिला पेपर सुरू झाला. पाचच मिनिटांत दक्षता उठली. मुख्याध्यापक दारात उभेच होते.

"बघा रसिकाबाई, मी म्हटलं नव्हतं? फोन करा आईला."

दक्षता दाराकडे गेलीच नाही. ती सरळ कपाटापाशी आली आणि तिने काचेवर दोन्ही तळवे टेकले.

"माझी," ती म्हणाली. मग मोठ्याने, "माझी आहे!"

रसिकाबाईंचा चेहरा उतरला. "चुकलंच गं माझं," म्हणत त्यांनी घाईघाईने कपाट उघडले. मग त्या दाराकडे वळल्या. "सर, ती पळत नाहीये. तिला बसायचंय."

मुख्याध्यापकांनी घड्याळाकडे पाहिले. "तिला दहा मिनिटं जास्त द्या," एवढेच म्हणाले आणि गेले.

दक्षताने माझी चिठ्ठी नखाने खरवडून काढली, मला मांडीवर घेतले आणि पेपर लिहिला. चार प्रश्न सुटले, दोन राहिले. वर्गातली तिची जागा मात्र कायम राहिली.

मित्रांनो, तुमच्या वर्गात माझ्यासारखे काही असेल तर ते कपाटात जपू नका. ज्याला हवे त्याच्या हाती द्या. मळू द्या, उसवू द्या. मी फाटले तर लक्ष्मी मला पुन्हा शिवील. दक्षताचे शाळेतले वर्ष फाटले असते, तर ते कुणाला शिवता आले नसते.