सगळ्यात खालची राईड

वेल्डरबाबांच्या पोराला अख्खी गल्ली भिंगरी म्हणायची, आणि उगाच नाही म्हणायची. पायाला खरोखरच भिंगरी होती त्याच्या. सुट्टीच्या सकाळी लोक अंथरुणात लोळत असायचे, तेवढ्यात हा सायकलवरून चार गावं पालथी घालून आलेला असायचा. आला की हँडलवरचं ते काडेपेटीएवढं जीपीएस काढायचा आणि थेट बापाच्या नाकासमोर धरायचा.

"बाबा, बघा कुठं जाऊन आलो!"

पडद्यावर एक निळी रेघ वळवळत असायची. बाबा वेल्डिंगचा मुखवटा वर करून बघायचे. "हे काय गांडूळ? सरळ जाता येत नाही का तुला?"

पोरगं हसायचं, बापही हसायचा. आई लवकर गेली होती, लेक नोकरीसाठी परगावी; त्या घरात जे काही हसायचं ते या दोघांनीच.

आणि मग एक दिवस पुलाच्या वळणावर मालट्रक आडवा आला. सायकलीचा चोळामोळा झाला, पोरगं गेलं, आणि त्या काडेपेटीला साधा ओरखडा नाही! काय म्हणावं असल्या नशिबाला?

सायकल बाबांनी स्वतः सरळ केली. यंत्राला मात्र कुणाला बोट लावू देईनात. लेक फोनवरून सांगून सांगून थकली, "बाबा, दुकानात नेऊन कॉम्प्युटरवर उतरवून घ्या हो सगळं." पण बाबांचं एकच, "नको. एखाद्याचं बोट चुकलं आणि पुसलं गेलं म्हणजे?" तळहातावरच्या फोडासारखं जपलं त्यांनी ते.

मग त्यांच्या मनाने घेतलं, पोरगं जिथं जिथं गेलं तिथं तिथं आपण जायचं. झालं! गुडघे कुरकुरत असताना बाबा सायकलवर बसले. यंत्रात राईडची यादी होती, नवी वर आणि जुनी खाली. जुनी एखादी उघडली की यंत्र वाट दाखवायचं, इथे डावीकडे वळा, तिथे उजवीकडे. बाबांनी तळापासून सुरुवात केली. पहिल्या दिवशी धापा टाकत परत आले आणि बघतात तर काय, चालवलेली राईड तळातून उठून यादीच्या माथ्यावर जाऊन बसलेली! त्यांच्या कारखान्यातही तशीच रीत होती. करायचं काम खाली, झालेलं काम वरच्या फळीवर. बाबांना यंत्राचं कौतुक वाटलं. माझ्याच हाताखाली शिकलंय जणू, म्हणाले.

अशी रोज एक राईड तळातून वर जात राहिली. शेजारी म्हणाले, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. म्हणोत बापडे! बाबांना कित्येक महिन्यांनी भूक लागायला लागली होती.

शेवटी तळाला एकच उरली. त्या दिवसाची. ती उघडायला काही हात धजेना. त्यांनी लेकीला फोन लावला. "ताई, येतेस का गं? एकच राहिलीय आणि ती एकट्याने नाही व्हायची माझ्याच्याने. तुझा कॉम्प्युटर आण. आधी बाकीच्या सगळ्या मोठ्या पडद्यावर बघू, मग ती."

ताई आली. तिने वायर जोडली तेव्हा बाबा श्वास रोखून उभे होते. मग नकाशा उघडला आणि त्यावर एकामागून एक निळ्या रेघा पसरल्या. नदीकाठ, टेकडी, दगडखाणीचा रस्ता. बाबांचा चेहरा खुलला. "हा चढ बघ. जीव निघाला माझा. भिंगरी कसा चढला असेल, त्याचं त्याला ठाऊक."

ताईने त्या रेघेवर बोट टेकवलं. "चढाच्या मध्यावर इतका वेळ कोण थांबलं होतं?"

"मी. झाडाखाली आडवा झालो होतो जरा."

"आणि इथे, या नळापाशी?"

"तेही मीच की."

ताईने दुसरी रेघ उघडली, तिसरी उघडली. सगळीकडे बैलगाडीचा वेग, सगळीकडे थांबे. तारखा बघितल्या, तर सगळ्या भिंगरी गेल्यानंतरच्या.

"बाबा, या त्याच्या नाहीत. या सगळ्या तुमच्या आहेत."

"असं कसं? मी तर त्याच्याच..."

"अहो, यंत्र भरलं होतं! नवी राईड ठेवायची तर ते सगळ्यात जुनी पुसून टाकतं. काही वर जात नव्हतं, बाबा. तुम्ही एक चालवलीत की त्याची एक जात होती!" आवाज चढला तसा तिचा तिलाच नको झाला.

बाबा खाली बसले. मोठ्या बाप्याला असं रडताना बघणं फार वाईट. "कुणाला बोट लावू दिलं नाही गं मी. आणि माझ्याच पायांनी पुसला त्याला."

तिने त्यांचा हात धरला. बाबा म्हणाले, "ती एक आहे ना? उघड."

ती मात्र भिंगरीची होती. घरापासून निघालेली, चढावरही न थांबलेली, सुसाट. पुलाच्या वळणावर ती थबकली. बाबांनी डोळे मिटले. पण रेघ संपलीच नव्हती. तिथून ती सरळ, भरधाव दवाखान्यापर्यंत गेली होती. त्याच्याबरोबर गाडीत टाकलेलं यंत्र बंद करायचं कुणाला सुचलं असणार? तिथे ती खूप वेळ थांबली. आणि मग दवाखान्यातून एक बारीक, संथ रेघ बाहेर पडून बाजारामागच्या बोळांतून भरकटत घराकडे आली होती. घरावरून पुढे गेली, मागे फिरली, पुन्हा पुढे गेली.

"हे कोण, बाबा?"

"मी." बाबांनी डोळे उघडले होते. "त्याचं सामान पिशवीत घालून दिलं त्यांनी. बूट, हेल्मेट, हे. रिक्षाचं सुचलंच नाही. चालत आलो. आपलंच घर सापडेना."

ताईने नकाशा मोठा केला. घराच्या चौकोनात रेघेचा नुसता गुंता झाला होता. या खोलीतून त्या खोलीत, त्या खोलीतून या खोलीत, बॅटरी संपेपर्यंत. त्या दिवशी तिने फोन केला तेव्हा बाबा तिला म्हणाले होते, पडलोय जरा, तू सावकाश ये.

"पिशवी खाली ठेवली नाहीत तुम्ही?"

"कुठे ठेवणार?" बाबा म्हणाले. "ठेवली असती, तर तो गेला असता ना गं."