चिंधूच्या कोयत्याची छडी

मी छडी बोलतेय. घाबरू नका, आता मला कोणी उचलत नाही. मधोमध चिरलेय मी. गळ्यात सुतळीने चिठ्ठी बांधून मला पोलीस ठाण्याच्या कपाटात ठेवलंय. चिठ्ठीवर माझं नवं नाव आहे, मुद्देमाल.

जन्म माझा अंबाडीजवळच्या एका बांधावर, निरगुडीच्या झुडपात. चिंधूने मला कोयत्याने तोडलं, साल सोलली आणि मुठीतून सटकू नये म्हणून एका टोकाला तीन खाचा पाडल्या. गोदामात हमाली करणारा माणूस, पकड पक्की हवी त्याला. दुसऱ्या दिवशी एका हातात चौथीतली लेक रीमा आणि दुसऱ्या हातात मी, असा तो शाळेत गेला.

"गुरुजी, ही ठेवा. पोर पाढे म्हणत न्हाय. हाडं आमची, कातडी तुमची!"

भूपेश सर हसले. मुख्याध्यापिका सुकन्याबाई म्हणाल्या, "अहो, मारायला कायद्याने बंदी आहे." पण म्हणता म्हणता त्यांनी तोंड फिरवलं, आणि मी 'शारीरिक शिक्षा हा गुन्हा आहे' या पाटीखालीच उभी राहिले. साहेब तपासणीला आले की मला पोषण आहाराच्या तांदळाच्या गोण्यांमागे टाकायचे. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

खोटं कशाला बोलू? सुरुवातीला मला माझा सपकारा आवडायचा. पोटऱ्या, तळवे, पाठ, जिथे पडेन तिथे वळ उठायचा आणि वर्ग चिडीचूप व्हायचा. मला वाटायचं, यालाच शिकणं म्हणत असतील. आता लाज वाटते.

त्या दिवशी रीमा सतराच्या पाढ्यात अडली. पहिला फटका तळहातावर, दुसरा बोटांच्या पेरांवर. तिसऱ्याला तिने हात मागे घेतला, तशी सरांच्या डोक्यात सणक गेली. त्यांनी मला आडवीतिडवी चालवली आणि माझं टोक तिच्या डाव्या डोळ्यात घुसलं. ती किंचाळलीसुद्धा नाही. नुसती खाली बसली. बोटांमधून रक्त ओघळत होतं.

सुकन्याबाईंनी वहीत लिहिलं, 'पटांगणात पडली.' पूर्वी एवढ्यावर निभावलं असतं. आता नियम कडक झालेत, असली गोष्ट दडवणारा मुख्याध्यापकही सुटत नाही. पुढे बाई निलंबित झाल्या त्या याच दोन शब्दांपायी.

डोळा गेला, असं डॉक्टरांनी सांगितलं, तसा चिंधू थेट शाळेत आला. सरांची कॉलर धरून त्यांना भिंतीवर आपटलं, टेबलावरून मला उचललं आणि झोडपत सुटला. डोकं, कान, तोंड, काही पाहिलं नाही. सरांचे दोन दात फरशीवर पडले. मी तडकन चिरले, तेव्हा त्याने मला उलटी धरली आणि त्याची बोटं त्यानेच पाडलेल्या खाचांत बसली. नेमकी बसली. हात वरच्या वर थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मला फरशीवर टाकलं.

पोलीस ठाण्यात शाळा समितीचे अध्यक्ष केसरीनाथशेठ चिंधूच्या कानाशी लागले. "काठी शाळेतली होती, एवढंच बोल. तू दिलीस म्हणालास तर सरांचा वकील तुलाच धरील."

हवालदाराने मला पुढे केलं. "कोणाची ही?"

मला वाटलं, हाही गप्प बसेल. आजवर सगळेच बसले होते.

"माझी हाय, साहेब. मीच तोडली, मीच दिली. लिवा."

बाकावर रीमा बसली होती, अर्ध्या तोंडाला पट्टी. जबाबावर अंगठा देऊन चिंधू तिच्यापाशी गेला आणि तिच्या डोक्यावरून फिरवायला हात वर केला. पोरीने उरलेला डोळा गच्च मिटला आणि तळहात पुढे केला.

तो हात धरायची चिंधूला हिंमत झाली नाही.

खटला संपला की मला जाळतील. खुशाल जाळा, माझी तक्रार नाही. पण त्याआधी पोरीचा तो पसरलेला हात कोणीतरी हातात घ्या.